अयादत आणि तीमारदारी

आठवीच्या वर्गात मी जवळजवळ सारखे वाटणारे, पण सारखे नसलेले शब्द शिकवीत होते. 'अयादत' म्हणजे काय, असे विचारले तेव्हा अर्धा वर्ग एकदम बोलला. आजाऱ्याला भेटायला जाणे. "केले लेके जाते, मिस," असे एकाने सांगितले आणि सगळे हसले. मग मी फळ्यावर 'तीमारदारी' लिहिले. कुणीच बोलेना. यांतल्या निदान चार मुली घरी आजीला, नानाला भरवून शाळेत येतात हे मला माहीत आहे. रोज करीत असलेल्या कामाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते.

प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या शब्दाविषयी आहे. फारसीत 'तीमार' म्हणजे दुःख आणि 'तीमार' म्हणजे काळजी घेणेही. 'तीमारदार' म्हणजे ते दुःख सांभाळून असणारा. अयादत करणारा अर्धा तास बसतो, दुआ देतो, उठतो. तीमारदाराला उठता येत नाही. आपल्या साहित्यात, उर्दूत काय आणि मराठीत काय, अयादत पुष्कळ आहे. तीमारदारी फार थोडी आहे. आणि आजार मनाचा असेल तर जवळजवळ नाहीच.

माझी बाजू आधीच सांगून टाकते, कारण समीक्षकाने ती लपवू नये. माझ्या मोठ्या भावाला २००९ पासून स्किझोफ्रेनिया आहे. तेव्हा मी बी.एड. करीत होते. आम्ही औंढ्याला राहतो, लोणावळ्याच्या शेजारी. लोणावळ्यात लोक मन:शांतीसाठी येतात. कैवल्यधाम तर १९२४ पासून आहे. शनिवार-रविवारी पवनेकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. त्याच रस्त्यावर जुलैच्या धुक्यात, रात्री अडीच वाजता, मी आणि अम्मी बॅटरी घेऊन भाईजानला शोधत गेलेल्या आहोत. सोळा वर्षांहून अधिक काळ तीमारदारी आमच्या घरात आहे. म्हणून पुस्तक वाचताना किंवा चित्रपट पाहताना माझी नजर आजाऱ्यावर कमी आणि त्याच्या बाजूला कोण बसले आहे यावर अधिक जाते. हा दोष असेल तर वाचकांनी तो धरून पुढे वाचावे.

सुरुवात आपल्या सर्वांना ठाऊक असलेल्या किश्श्यापासून करते. हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांचा सब्र म्हणीत गेला आहे. 'सब्रे अय्यूब' कुणालाही समजते. वर्षानुवर्षे चाललेला आजार, गेलेली मालमत्ता, दूर झालेली माणसे. पण त्या काळात त्यांच्याजवळ कोण होते? त्यांची पत्नी. कुरआनात तिचे नाव नाही. किश्श्यांच्या पुस्तकांत ती रहमत बीबी म्हणून येते. लोकांच्या घरी काम करून ती भाकरी आणीत होती असे त्यांत सांगितले आहे. सब्र दोघांचा होता, म्हण मात्र एकाच्या नावाने झाली. धर्मग्रंथाविषयी ही तक्रार नाही, तशी माझी पात्रताही नाही. तक्रार आपल्या सांगण्याविषयी आहे. लहानपणी हा किस्सा मी निदान दहा वेळा ऐकला. त्या बाईच्या हातापायांचे काय झाले, हे एकाही सांगणाऱ्याने सांगितले नाही.

उर्दूची शिक्षिका म्हणून मला आणखी एक गोष्ट टोचते. गझलेत वेड हा मानाचा शब्द आहे. जुनून, वहशत, दीवानगी. मजनू तर आदर्शच. गिरेबान फाडणारा आशिक दर दुसऱ्या दिवानात भेटतो. फाटलेले शिवणारा रफूगरही भेटतो, पण रूपक म्हणून. आमच्या घरी भाईजानने सदरा फाडला तेव्हा अम्मीने तो खरोखर शिवला. तीन वेळा शिवला, आणि चौथ्या वेळी त्याची पायपुसणी केली.

या रूपकाच्या सवयीचा मोठा बळी मला मजाज़ वाटतो. असरारुल हक मजाज़ यांना मनाच्या आजाराचे झटके वारंवार आले. १९५२ मध्ये त्यांना रांचीच्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. डिसेंबर १९५५ मध्ये लखनऊला ते गेले. उर्दू समीक्षेने हे सारे इन्किलाबी शायराच्या दीवानगीच्या खात्यात टाकले. मद्यपानाचे किस्से, हजरजबाबीपणाचे लतीफे, मुशायऱ्यांच्या आठवणी, यांनी पाने भरली. त्या काळात त्यांच्यामागे बहिणी होत्या. सफिया अख्तर या त्यांतल्या एक. त्यांचे पती जाँनिसार अख्तर मुंबईत, त्या नोकरीसाठी भोपाळात, पदरात दोन लहान मुले, स्वतःची प्रकृती ढासळलेली. पतीला लिहिलेली त्यांची पत्रे 'हर्फ़े आशना' आणि 'ज़ेरे लब' या नावांनी आली. जानेवारी १९५३ मध्ये, भावाच्याही आधी, त्या गेल्या. आपण ही पत्रे विरहाची पत्रे म्हणून शिकवतो. मीही शिकवली आहेत. एकदा ती आजाऱ्यांच्या घरातून आलेली पत्रे म्हणून वाचून पाहा. पगार, औषध, मुलांची फी, भावाची चिंता, आणि त्यातून राहिलेल्या जागेत प्रेम. धाकटी बहीण हमीदा सालिम यांनीही भावावर आठवणी लिहिल्या. त्या घरातल्या भावाच्या आहेत, मुशायऱ्यातल्या शायराच्या नाहीत.

मंटोंच्या 'टोबा टेक सिंग'मध्येही बिशन सिंगला भेटायला नातेवाईक येतात. मुलाकातीच्या दिवशी तो अंघोळ करतो, केसांना तेल लावतो. मुलगी बापाला पाहून रडते. उत्तम कथा आहे, पण घरचे माणूस तिच्यात पाहुणे म्हणून येते. कथा पागलखान्याची असल्यामुळे ते अपरिहार्यही आहे. तरी मंटो स्वतः लाहोरच्या अशाच जागी राहून आले होते आणि तीन मुलींसह त्यांची पत्नी घरी होती, हे मला कथा शिकवताना आठवते. तिचेही नाव सफियाच.

आता मराठीकडे येते. मुस्लिम मराठी लेखनात तीमारदारीचे एक मोठे पुस्तक आहे आणि आपण ते तसे कधी वाचलेच नाही, असे माझे मत आहे. मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' (१९९५). हे पुस्तक आपण हमीदभाईंसाठी वाचतो. ज्यांना हमीदभाई पटतात ते पुरावा म्हणून, ज्यांना पटत नाहीत ते आक्षेप शोधायला. माझेही त्यांच्या सगळ्या मतांशी जमत नाही. पण तो वाद बाजूला ठेवून पाहिले तर काय दिसते? मातृभाषा उर्दू असलेली एक बाई. खादी कमिशनच्या कार्यालयात नोकरी करते. तिच्या पगारावर घर चालते, दोन मुली वाढतात, आणि नवरा समाजाच्या कामाला मोकळा राहतो. मग त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. उपचार, मूत्रपिंडरोपण, आणि ३ मे १९७७ रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी मृत्यू. समाजसुधारकाच्या चरित्रात हा शेवटचा अध्याय असतो. घरातल्या बाईच्या चरित्रात तो मधला असतो, कारण तिला त्यानंतर चाळीस वर्षे जगायचे असते. मेहरुन्निसाबाई २०१७ मध्ये गेल्या.

पुस्तकाचे नावही पुन्हा ऐकण्यासारखे आहे. 'भरून पावले' हे मराठीत पावतीवर लिहितात, रक्कम पूर्ण मिळाली या अर्थाने. कृतार्थतेनेही म्हणतात. आणि वैतागल्यावर, हात जोडून, 'भरून पावलो बाबा!' असेही म्हणतात. मराठी मी शाळेत दुसरी भाषा म्हणून शिकले, त्यामुळे असे शब्द मला अजून नवे वाटतात आणि मी ते उलटसुलट करून पाहते. मेहरुन्निसाबाईंना तिसरा अर्थ अभिप्रेत होता असे मी म्हणत नाही. पण तीमारदाराच्या तोंडी तिन्ही अर्थ एकाच दिवसात येऊन जातात, हे मी शपथेवर सांगू शकते. पुस्तकाविषयी माझी एकच कुरकुर आहे. निवेदनाचा ओघ हमीदभाईंभोवतीच फिरत राहतो. 'मी' शीर्षकात आहे, आत मात्र तिला पुनःपुन्हा बाजूला सरकावे लागते. आजारपणाच्या दिवसांत ती झोपली केव्हा, हे मला वाचायचे होते.

हे झाले शरीराच्या आजाराचे. त्याला निदान नाव असते, नातेवाइकांना सांगता येते, लोक केळी घेऊन येतात. मनाच्या आजाराला आमच्याकडे कुणी अयादतीलाही येत नाही. भाईजानचे दोन महिने कावीळ म्हणून सांगण्यात गेले.

मराठीत या दाराला पहिला धक्का ज्या कलाकृतींनी दिला त्यांत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) अग्रक्रमाने येतो. त्याच्या जन्मामागेच एक तीमारदार आहे. मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि 'देवराई'च्या निर्मितीमागेही तेच उभे राहिले. पुण्याच्या या मंडळींत आजाऱ्याला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणायची पद्धत आहे. हेतू चांगला आहे. 'वेड्याचा भाऊ' म्हणवून घेण्यापेक्षा लाखपटीने बरा. पण हिंदी वर्तमानपत्रांत खेळांच्या स्पर्धेच्या बोधचिन्हालाही शुभंकरच म्हणतात. १९८२ च्या आशियाई खेळांचा अप्पू हत्ती हाही शुभंकर. माझी निवड म्हणाल तर तीमारदार. त्या शब्दात दुःखाला जागा आहे.

'देवराई'त कोकणातला शेष (अतुल कुलकर्णी) आजारी आहे आणि त्याची बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला पुण्याला आपल्या घरी आणते. मराठीत वेडा हा तोवर बहुधा विनोदासाठी किंवा भीतीसाठी येत असे. इथे तो बहिणीचा भाऊ म्हणून येतो. हा फरक लहान नाही. त्याच्या डोक्यातली देवराई आपल्यालाही आतून दिसते, आणि त्याच वेळी बाहेर सीनाचा संसार ओढला जाताना दिसतो. भाऊ-बहिणीचे नाते निवडण्यातही मर्म आहे. आईने केले तर ममता म्हणतात, पत्नीने केले तर कर्तव्य. लग्न झालेल्या बहिणीला मात्र प्रत्येक दिवसाचा जाब द्यावा लागतो, सासरी आणि स्वतःलाही. सोनाली कुलकर्णीच्या चेहऱ्यावर तो जाब सतत आहे. सफिया अख्तरांच्या पत्रांनंतर मला हा चेहरा पहिल्यांदा तिथे भेटला.

तरीही दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे 'देवराई'चा प्रवास न समजण्याकडून समजण्याकडे आहे. डॉक्टर समजावतात, बहिणीला उमगते, तिच्याबरोबर प्रेक्षकाला उमगते. २००४ मध्ये याची गरज होती, आजही आहे. पण घरात समजणे पहिल्या दोन वर्षांत होऊन जाते. त्यापुढची वर्षे समजून झाल्यानंतरची असतात. सातव्या वर्षी गोळ्या बंद करून पाहायचा मोह, दहाव्या वर्षी आईचा मोतीबिंदू, बाराव्या वर्षी बहिणीच्या स्थळाकडून आलेला प्रश्न. समज असते, पण करायचे तर तेच असते. या काळाला कथानक नाही, म्हणूनच तो कुणी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट भाईजानने दाखवली. हा चित्रपट मी त्याच्याबरोबर बसून पाहिला. न्यावे की नाही अशी भीती वाटत होती, पण चोरून पाहणे त्याहून वाईट वाटले. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "इस का मुँह नहीं सूखता क्या?" गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, वजन वाढते, हात थरथरतो, सकाळी उठवत नाही. पडद्यावरच्या माणसाला आजार होता, औषधाचा त्रास त्याला दिसला नाही. एवढे बोलून भाईजान मध्यंतराआधीच झोपी गेला. तोही गोळ्यांचाच परिणाम. इतकी नेमकी समीक्षा मी कुठे वाचलेली नाही.

'अस्तु' (२०१३) मला अधिक अस्वस्थ करतो. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) यांना विस्मरणाचा आजार आहे. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी जाते आणि ते एका हत्तीच्या मागे निघून जातात. हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखे सांभाळते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. ज्याची सगळी विद्या पुसली गेली आहे अशा पंडिताला निरक्षर बाई आई होऊन भेटते, ही कल्पना मनात घर करते. समीक्षकांनी तिचे पुष्कळ कौतुक केले.

माझा प्रश्न असा आहे की चन्नम्मा त्यांना किती दिवस सांभाळते? एखाद-दुसरा दिवस. ती थोर आहे, पण तिचे काम अयादतीच्या जवळचे आहे. इराने वर्षे दिली आहेत. चित्रपट मात्र इराला अपराधी करतो आणि चन्नम्माला माऊली. पाहुणी प्रेमळ आणि घरची चिडकी, हे आम्हाला चांगले ओळखीचे आहे. आमच्याकडेही ईदेला आलेली एक मावशी भाईजानचे केस कुरवाळत म्हणाली होती, "ये तो फूल जैसा है, तुम लोग इस पे चिल्लाते क्यों?" अम्मी तिच्यापुढे काही बोलली नाही. ती गेल्यावर भांडी घासताना म्हणाली, "लोगाँ आते, बैठते, जाते. रात कू कोन आता?" दिग्दर्शकांना इराबद्दल सहानुभूती नाही असे नव्हे. तिची घुसमट त्यांनी दाखवली आहे, आणि सुमित्राबाईंच्या संवादांनाही त्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार होता. तरी तराजूचे पारडे चन्नम्माकडे झुकते, आणि ते झुकवणे आपल्या संस्कृतीला फार सोयीचे आहे.

'कासव' (२०१६) या तिघांत सर्वांत नितळ. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या तरुणाला जानकी घरी आणते आणि त्याला काहीही विचारत नाही. न विचारणे हीही तीमारदारी असते हे त्यात सुंदर उतरले आहे. सुवर्णकमळ त्याला उगीच मिळाले नाही. फक्त जानकीकडे समुद्रकाठचे घर आहे, हाताखाली माणसे आहेत, आणि तो मुलगा तिचा कुणी लागत नाही. दोन खोल्यांच्या घरात न विचारता राहता येत नाही. सुमित्रा भावे २०२१ मध्ये गेल्या. नाहीतर हे सारे त्यांना पत्राने कळवायचे माझ्या मनात होते.

या चित्रपटांत आपले घर नाही, ही तक्रार मी त्यांच्याकडे करणार नाही. ते लिहिणे आपले काम होते. आपल्या घरात हा आजार आला की पहिला मुक्काम दवाखाना नसतो, दर्गा असतो. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या दर्ग्यावर राज्यभरातून अशी माणसे आणली जातात. आम्हीही गेलो होतो. सुशिक्षितांनी याला अंधश्रद्धा म्हणून हातावेगळे करू नये. कारण अम्मी जन्मात पहिल्यांदा तिथे उघडपणे रडली. आजूबाजूला सगळ्याच आया तशा होत्या, कुणी कुणाला कावीळ सांगत नव्हते. दवाखान्याच्या ओळीत हे मिळाले नाही. तिथे कागदावर शिक्का मारणाऱ्याने "किती दिवसांपासून वेडा आहे?" असे सगळ्यांसमोर विचारले होते.

पण दर्ग्याच्या छायेत साखळीही असते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीला, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. माणसे साखळीने बांधलेली होती, पळता आले नाही. २८ जीव गेले. त्यांना तिथे कुणी आणून सोडले होते? घरच्यांनीच. दगड काळजाच्या माणसांनी नव्हे, थकलेल्या माणसांनी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीला मनाई केली. थकव्यावर कायदा होत नाही. त्या थकलेल्या भावावर, साखळीची किल्ली खिशात घेऊन एसटीने घरी परतणाऱ्या बापावर कथा लिहावी असे आपल्यातल्या कुणाला वाटले नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण आपले अनुभवविश्व मराठीत आणण्याविषयी बोलत आहोत. दंगल आणली, तलाक आणला, वस्ती आणली, बेरोजगारी आणली. ते आणायलाच हवे होते. या विषयांना बाहेर शत्रू असतो आणि त्यामुळे लिहिताना बळ येते. घरात अंथरुणाशी बसलेल्या माणसाला शत्रू नसतो. त्याला कधी कधी आजाऱ्याचाच राग येतो, आणि हे कबूल करायला लाज वाटते. माझ्या मते आपली लेखणी इथे अडते. गरीब आणि अपमानित आपण पुष्कळ लिहिले. प्रेम करता करता चिडलेला माणूस लिहायला आपण घाबरतो.

रमजानचेच पाहा. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे हे लहान मुलालाही माहीत असते. पण आजार दिसत नसेल तर? भाईजान दुपारी गोळी घेताना शेजारच्याने पाहिले आणि 'अच्छा तगडा तो है' म्हणाला. दुसऱ्या दिवशी भाईजानने रोजा धरला, गोळ्या सोडल्या, आणि ईदेच्या आधी आम्ही पुन्हा पुण्याच्या लोकलमध्ये होतो. यात एक अख्खी कथा आहे. तिच्यात खलनायक कुणी नाही, शेजारीसुद्धा नाही. मी कथाकार नाही. कुणाला हवी असेल तर घ्यावी.

अशा लेखनाचा कच्चा माल घराघरांत पडून आहे. अम्मी एक वही ठेवते. शाळेची, चौकटीची, उर्दूत लिहिलेली. तारीख, कोणती गोळी, किती वाजता, किती रोट्या, झोप कशी. मधेच 'आज हँसा'. मधेच किराण्याचा हिशेब. एका पानावर फक्त 'मैं थक गई' आणि त्याच्याखाली दुसऱ्या दिवशीची तारीख आणि गोळीचे नाव. या लेखासाठी त्यातली चार-दोन पाने मराठीत करून द्यावीत असे वाटले म्हणून मी तिला विचारले. ती म्हणाली, "ये क्या छापने की चीज है?" मग चष्मा पुसत म्हणाली, बाजारात जाशील तेव्हा नवी वही आण, ही संपत आली.